सहा मिनिटांचा मजला

"घड्याळ लावा," हौसराव म्हणाले आणि पेटता बोळा त्यांनी भुशात टाकला.

विटांच्या दोन-दोन थप्प्या रचलेल्या होत्या. एका जोडीवर सागाची जुनी तुळई आडवी टाकली होती, दुसरीवर पृथ्वीराजच्या कंटेनरमधून उतरलेली नवी. दोन्हींच्या मधोमध वाळूचं एकेक पोतं, दोन्हींच्या खाली डिझेल शिंपडलेला भुसा. सुतार, रंगारी, प्लंबर, फरशीवाले असे पंचवीस-तीस जण हातातलं काम टाकून भोवती जमले होते. पांढऱ्या बुटांवर राख उडू नये म्हणून पृथ्वीराज दोन पावलं मागं उभा होता. साइट त्याची, तुळई त्याची, आणि तमाशाही त्याचाच होणार, हे त्याला सोडून सगळ्यांना कळलं होतं.

कवठे येमाईच्या अलीकडं माळावर तो बारा बंगले बांधत होता. पुण्या-मुंबईच्या लोकांनी शनिवारी यायचं, हवा खायची आणि सोमवारी निघून जायचं, असले. खालच्या भिंती विटांच्या, वरचा मजला लाकडी. स्लॅब घाला, महिनाभर पाणी मारत बसा, ही कटकट त्याला नको होती. परदेशी तुळया चार दिवसांत बसत. वरून फळ्या ठोकल्या की मजला तयार. तुळई दिसायलाही देखणी होती. इंग्रजी आय अक्षरासारखी. वर एक लाकडी पट्टी, खाली एक पट्टी आणि मधे लाकडाच्या ढलप्या डिंकात दाबून केलेला करंगळीएवढ्या जाडीचा फळा. एका माणसानं खांद्यावर टाकून न्यावी इतकी हलकी. हौसरावांनी पहिल्याच दिवशी तिला टिचकी मारून पाहिलं होतं आणि तिचं नाव ठेवलं होतं बिस्कीट. आठवड्याभरात सगळी साइट तिला बिस्कीटच म्हणायला लागली.

हौसराव निमोण्याचे. रांजणगावच्या एका कंपनीच्या फायर विभागात सव्वीस वर्षं काढून निवृत्त झालेले. आगीच्या कामाचं सर्टिफिकेट असलेला एक सुपरवायझर साइटवर दाखवणं पृथ्वीराजला भाग होतं, म्हणून त्यानं त्यांना ठेवून घेतलं होतं. कागदाला माणूस हवा होता, माणूस मिळाला. हे हौसरावांना पुरतं ठाऊक होतं, आणि म्हणूनच पृथ्वीराजबद्दल त्यांच्या मनात काडीचा आदर नव्हता. तसा तो फारसा कुणाबद्दलच नव्हता. आगीचा लाल सिलिंडर दाराला अडणा म्हणून लावणारे मॅनेजर, ड्रिलच्या दिवशी रजा टाकणारे कामगार, भोंगा झाला की आधी चहा संपवणारे साहेब, असल्या लोकांत त्यांची हयात गेली होती. जगात बहुतेक लोक मूर्ख असतात आणि उरलेले लबाड, एवढं अनुमान त्यांनी पन्नाशीच्या आतच काढून ठेवलं होतं.

पहिल्या दोन मिनिटांत दोन्ही तुळया सारख्याच जळताना दिसत होत्या. तिसऱ्या मिनिटाला बिस्किटाचा मधला फळा काळा पडला. चौथ्याला त्याला भोक पडलं, आणि भोकातून पलीकडच्या माणसाची पँट दिसायला लागली. पावणेसहा मिनिटांनी, पापड मोडावा तशी ती मोडली आणि वाळूचं पोतं धप्पकन निखाऱ्यात पडलं. शेजारची सागाची तुळई बाहेरून कोळसा झाली होती, पण पोतं जागच्या जागी होतं. हौसरावांनी तिच्यावर पहारीचा घाव घातला. कोळशाची ढलपी उडाली आणि आत पिवळंधमक लाकूड दिसलं.

"घन लाकूड जळतं बाहेरून आत," ते जमलेल्यांना म्हणाले. "कोळशाचं कवच धरतं आन् आत भार पेलत बसतं. ह्या बिस्किटाला आतच न्हाई, तर धरणार काय?"

"मामा, कळलं," पृथ्वीराज म्हणाला. "आता काम सुरू करू द्या लोकांना."

तिथं ते थांबले असते तर बरं झालं असतं. पण समोर एवढी माणसं होती.

"करू की. आधी चहा सांगा साहेब," हौसराव म्हणाले. "बिस्कीट हायच."

साइट खदखदून हसली. वरच्या मजल्यावरचे बिहारी कामगारसुद्धा, कुणीतरी अर्थ सांगितल्यावर, दोन मिनिटांनी हसले. पृथ्वीराजचे कान लाल झाले. तो गाडीत बसला आणि गाडी वळवताना त्यानं मुद्दाम त्या निखाऱ्यांवरून चाक नेलं.

दुपारी रश्मी त्यांना शोधत आली. ती या बंगल्यांची आर्किटेक्ट. पुण्याची, तिशीची, उन्हातही डोक्याला काही न बांधणारी. हौसराव तिला 'नकाशावाली' म्हणत. ती टाकीच्या सावलीत त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि तिनं नकाशा उलगडला.

"मामा, हे बघा. तुळयांच्या खालून जिप्सम बोर्डाचे दोन थर मी दाखवलेत. या तुळया उघड्या ठेवायच्या नसतातच. खालून बोर्ड मारला की आग तुळईपर्यंत पोचायलाच बराच वेळ लागतो. माणसं बाहेर पडतात."

"मग मारा की."

"पृथ्वीराज नको म्हणतायत. जाहिरातीत उघड्या तुळयांचा फोटो छापलाय, लोकांना तो लूक आवडलाय. दिवाळीच्या आत ताबा द्यायचाय. मी दोनदा मेल केली." तिनं नकाशा त्यांच्याकडं सरकवला. "तुम्ही फायर सुपरवायझर म्हणून लेखी हरकत द्या. चार ओळी. तुमचं पत्र हातात असलं तर मला भांडता येईल. बंगले घेणाऱ्यांनाही दाखवता येईल."

हौसरावांनी तंबाखू मळली. कंपनीत त्यांनी एका गळक्या व्हॉल्व्हबद्दल तीन पत्रं लिहिली होती. व्हॉल्व्ह तसाच राहिला आणि त्यांनाच मेमो मिळाला, पत्रांची भाषा उद्धट होती म्हणून. तेव्हापासून त्यांनी कागदावर विश्वास ठेवला नव्हता, आणि लिहून काही होईल असं मानणाऱ्या माणसांवरही नाही.

"बाई," ते म्हणाले, "सकाळी एवढं डोळ्यांनी दाखवलं. त्यानं ज्याला कळलं न्हाई त्याला चार ओळींनी कळणार हाय व्हय?"

"सकाळी तुम्ही त्यांना सगळ्यांसमोर खाली बघायला लावलंत. आता ते हट्टाला पेटलेत. मी म्हणते म्हणून नाही, पण..."

"नकाशात बोर्ड दाखवलाय न्हवं तुम्ही? मग तुमचं पाप फिटलं. जा आता, ऊन लागंल."

रश्मीनं नकाशाची गुंडाळी केली. जाताना ती मागं वळून म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्हाला काळजी आहे म्हणून ते जाळून दाखवलंत." हौसराव तिच्या पाठीकडं बघून हसले. संध्याकाळी निमोण्याच्या पारावर त्यांनी सगळी हकिगत रंगवून सांगितली. बिस्किटाला टाळी मिळाली, नकाशावालीला दोन टाळ्या.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात पृथ्वीराजच्या ऑफिसातून तपासणीचा तक्ता आला. बारा बंगल्यांचे बारा कागद. पाचव्या ओळीत छापलं होतं: मजल्याच्या तुळयांना खालून अग्निरोधक बोर्ड. पुढं आधीच टाइप केलेलं होतं: आहे. हौसरावांनी मान वर करून पाहिलं. डोक्यावर उघड्या तुळया, वार्निश मारून मधासारख्या चकाकत होत्या.

"कुठं हाय?" त्यांनी कागद आणणाऱ्याला विचारलं.

"मामा, मला काय माहीत. सही घ्या म्हणाले."

"तुला माहीत न्हाई, त्याला माहीत न्हाई, मला एकट्याला माहीत असून काय उपयोग," असं म्हणत त्यांनी एकाखाली एक बारा सह्या ठोकल्या. त्या वेळी त्यांना भीती वाटली नाही, लाजही वाटली नाही. उलट एक प्रकारची गंमत वाटली. सगळा कारभारच खोटा, त्यात आपल्या सहीनं आणखी काय खोटं होणार.

चार नंबरच्या बंगल्यावर बाबुलाल आतार आणि त्याची बायको अमीरबी राखणदार म्हणून आले, ते ताबा दिल्यावर. बाबुलाल शिरूरचा. आधी टेम्पो चालवायचा, गुडघे गेल्यावर स्टेअरिंग सुटलं. मुलगी आसमीन दौंडला एका दवाखान्यात नर्स. बाबुलाल झाडांना पाणी घालायचा, अमीरबी मालक आले की स्वयंपाक करायची. दुसऱ्या टप्प्याचं काम सुरू झालं होतं, म्हणून हौसराव अधूनमधून यायचे, आणि आले की बाबुलाल हातातला पाइप टाकून त्यांना पाणी आणून द्यायचा. उत्तर ऐकून घेणारा माणूस होता तो. एकदा त्यानं विचारलं,

"मामा, एक इचारू? ह्या वरच्या लाकडांना समदे बिस्कीट का म्हणत्यात?"

त्याला बिस्किटाची आग माहीत नव्हती. ती झाली तेव्हा तो इथं नव्हता. हौसरावांनी ग्लास रिकामा केला.

"खाणारे खाऊन गेले, म्हणून," ते म्हणाले.

बाबुलाल थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. मग मोठ्या माणसानं विनोद केला तर हसावं, तसा हसला आणि ग्लास विसळायला गेला.

चैत्रातला रविवार होता. हौसराव बारा नंबरच्या मागं पाण्याची नवी टाकी बघत होते. सकाळचे साडेदहा झाले असतील. वारा पडलेला होता, आणि चार नंबरच्या छपरामागून धुराची जाड दोरी सरळ वर जाताना त्यांना दिसली.

ते पळाले नाहीत. चपला नीट घातल्या, हात पँटला पुसले आणि चालत निघाले. मालकाची विजेवर चालणारी स्कूटर जिन्याखालच्या कोठीत रात्रभर चार्जिंगला लावलेली असायची, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणजे कोठीच. कोठीच्या वर मधली खोली, आणि मधे उघडं बिस्कीट. ते हिरवळीवर पोचले तेव्हा मालक, त्याची बायको, त्यांचे दोन पाहुणे आणि अमीरबी अशी पाच माणसं बाहेर उभी होती. खालच्या खिडकीतून काळा धूर आणि मधूनच पिवळा जाळ. वरचा मजला मात्र स्वच्छ, पडदे हलतही नव्हते. हौसरावांनी माणसं मोजली. पाच. सगळी बाहेर. बाबुलाल मागं झाडांना पाणी घालत असेल, असं त्यांनी धरलं. कुणीतरी फोनवर बंबाला पत्ता सांगत होतं. बंब यायला अर्धा तास लागणार होता.

मग त्यांनी मनगट वर करून घड्याळ पाहिलं.

पुढं त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही, फक्त तिघींना सांगितलं. ते वेळ मोजत होते. जाळ कोठीबाहेर पडून तुळयांना लागल्याला दोन मिनिटं झाली असतील, असा अंदाज बांधून ते उभे राहिले. जीव कुणाचा जाणार नव्हता. जळेल ते पृथ्वीराजचं जळेल. आता मजला पडेल, आणि नेमका किती मिनिटांनी पडला हे पृथ्वीराजच्या तोंडावर सांगता येईल. उरली चार मिनिटं. त्यांच्या ओठावर काय बोलायचं तेही तयार झालं होतं.

"बाबुलाल कुठं गेला?" मालकाची बायको म्हणाली.

"वर. बॅग आणायला सांगितलीय," मालक म्हणाला. "लॅपटॉप आहे, पासपोर्ट आहेत सगळ्यांचे. आग तर खाली कोपऱ्यात आहे."

"मी नगं म्हणत होते," अमीरबी म्हणाली. तिच्या हाताला अजून कणीक होती. "त्ये म्हणाले, वर काय न्हाई, हा गेलो आन् हा आलो."

बाहेरच्या लोखंडी जिन्यानं तो वर गेला होता. हौसरावांनी मान उचलली. वरच्या मोठ्या काचेमागं, खोलीच्या पलीकडच्या टोकाला, निळी बॅग खांद्याला लावून बाबुलाल उभा होता. आग पायाखाली आहे हे त्याला वरून कळण्यासारखं नव्हतं. फळ्या जागच्या जागी होत्या, गुळगुळीत, चकचकीत.

"भिंतीकडंनं," हौसराव ओरडले. "बाबुलाल, भिंतीला धरून ये. मधून येऊ नको. भिंतीकडंनं."

काच बंद होती. बाबुलालनं त्यांना पाहिलं. मामा काहीतरी सांगतायत, हे त्याला दिसलं. त्यानं कानाला हात लावला, आणि नीट ऐकू यावं म्हणून तो सरळ खिडकीकडं निघाला. दोन पावलं त्यानं टाकली. तिसरं पाऊल कुणाला दिसलं नाही.

पाण्यात भिजवलेलं पोतं डोक्यावर घेऊन हौसराव आत गेले, भिंतीला धरून, कंपनीत शिकवलं होतं तसे. दोन सुतार त्यांच्या मागं दारापर्यंत आले. बाबुलालला त्यांनी ओढत बाहेर काढला. हौसरावांचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. बाबुलाल शिरूरच्या दवाखान्यात संध्याकाळपर्यंत जगला. शुद्धीवर होता. त्यानं दोनदा विचारलं, बॅग मिळाली का.

तिसऱ्या दिवशी निमोण्याला पोपटराव आले. नात्यानं हौसरावांचे साडू, आणि पृथ्वीराजच्या वडिलांच्या बैठकीतले. ते ओट्यावर बसले, हाताची चौकशी केली, पाणी प्यायले, आणि मग मुद्द्यावर आले.

"हे बघा, पोलीस जबाब घेणार. बोर्ड बसवलेला हुता, मालकानं शोभेसाठी नंतर काढला, एवढंच म्हणायचं. तुमच्या सहीचा कागद हायच. कागद तुमच्या बाजूनं हाय."

"बोर्ड न्हवता."

"आवो, पण सहीच्या कागदात तर हाय."

"सही खोटी हाय."

पोपटरावांनी चष्मा काढला. "हौसराव, खोटी सही केली म्हणालात तर तुम्हीच अडकता. पृथ्वीराज वकील लावंल, सुटंल. तुम्हाला कोण हाय?"

"सही माझी हाय आन् खोटी हाय. दोन्ही खरं हाय," हौसराव म्हणाले. "उठा तुम्ही आता."

पोपटराव गेल्यावर मुक्ताबाई आतून बाहेर आल्या. हौसरावांच्या बायकोनं चाळीस वर्षांत त्यांचं बोलणं पुष्कळ ऐकलं होतं. स्वतः त्या फार बोलत नसत. त्या नवऱ्याच्या हातावरची पट्टी सोडायला बसल्या. तेव्हा हौसरावांनी त्यांना घड्याळाचं सांगितलं. त्या बराच वेळ मलम लावत राहिल्या.

"पारावर लोक तुम्हाला टाळ्या देत्यात," मग त्या म्हणाल्या. "मला कवाच हसू आलं न्हाई. मला वाटायचं, माझंच डोकं कमी हाय."

शिरूरच्या ठाण्यात हौसरावांनी अडीच तास जबाब दिला. बोर्ड नव्हता. मला माहीत होतं. मी लिहून द्यायला पाहिजे होतं, आर्किटेक्टबाईंनी मागितलं होतं, मी दिलं नाही. लिहिणारा हवालदार मधे थांबून म्हणाला, "आबा, हे शेवटचं कुणी विचारलं नाही तुम्हाला." हौसराव म्हणाले, "लिहा." बाहेर बाकावर रश्मी बसली होती, मांडीवर तोच नकाशा आणि दोन मेलचे छापील कागद घेऊन. हौसराव तिच्यासमोर उभे राहिले. काहीतरी म्हणायचं होतं, पण असल्या बोलण्याची त्यांच्या जिभेला सवय नव्हती. "तुमचा नकाशा बरोबर हुता," एवढं ते म्हणाले. तिनं मान वर केली नाही. "मला माहीत होतं तो बरोबर आहे," ती म्हणाली.

गुन्ह्यात पृथ्वीराज पहिला आरोपी आणि हौसराव दुसरे. दोघांनाही जामीन मिळाला. चार नंबरच्या काळ्या भिंतींना हिरवी जाळी लावली. बाकीच्या अकरा बंगल्यांना बोर्ड कुणी मारायचा यावर मालक आणि पृथ्वीराज यांच्यात नोटिसा सुरू झाल्या. तोवर शनिवार-रविवार लोक येतच होते. अकरा घरांत डोक्यावर तीच बिस्किटं.

अमीरबी दौंडला मुलीकडं गेली होती. हौसराव एसटीनं गेले. स्टेशनच्या पलीकडं दोन खोल्या, दारात तुळशीच्या डब्यासारख्याच डब्यात लावलेला पुदिना. आसमीन ड्यूटीवरून नुकतीच आली होती. तिनं त्यांना ओळखलं, खुर्ची दिली आणि स्वतः दाराला टेकून उभी राहिली, हाताची घडी घालून.

हौसरावांनी घड्याळाचंही सांगितलं. जबाबात नव्हतं ते सगळं सांगितलं. अमीरबी ओढणीच्या टोकाला गाठी मारत ऐकत होती. ते संपल्यावर ती म्हणाली,

"त्यांनी तुम्हाला इचारलं हुतं, बिस्कीट का म्हणत्यात. घरी येऊन मला सांगितलं, मामा म्हणाले, खाणारे खाऊन गेले. म्हणून दोघं हसलो आम्ही. तुम्ही मोठी माणसं, काय तरी ग्यानाचं बोलला असाल असं वाटलं." तिनं एक गाठ सोडली. "मला अजून त्याचा अर्थ कळाला न्हाई. आता सांगा."

हौसराव बोलायला लागले. खालची पट्टी, वरची पट्टी, मधला फळा. आग खालून लागली की फळा कसा आधी जातो, वरून काहीच कसं दिसत नाही, वर उभ्या माणसाला पायाखालचं कसं कळत नाही. सवयीनं एक शेरा तोंडाशी आला, तो त्यांनी गिळला. अमीरबीनं मधे दोनदा थांबवलं, तेव्हा त्यांनी दोनदा पहिल्यापासून सांगितलं.

"म्हंजी खाली आग असली तर वर जायचं न्हाई," ती म्हणाली.

"व्हय."

"एवढंच?"

"एवढंच."

आसमीन दारातून म्हणाली, "हे तुम्ही तेव्हा म्हणाला असता, तर अब्बा गेले नसते वर. ते तुमचं ऐकायचे."

हौसरावांनी मान हलवली. मग अमीरबी उठली आणि आत जाऊन काहीतरी भांडी आवरायला लागली. त्यांना निघा असं कुणी म्हणालं नाही, आणि बसाही म्हणालं नाही. ते उठले.

पुढच्या शनिवारी ते माळावर गेले. गेटवरच्या माणसाला पृथ्वीराजनं त्यांना आत न सोडण्याचं सांगून ठेवलं होतं, पण तो माणूस कवठ्याचाच होता. त्यानं पाठ फिरवली.

एक नंबरपासून त्यांनी सुरुवात केली. मालकांकडं नाही, आधी राखणदारांकडं. दोन नंबरच्या मालकानं खिडकीतून विचारलं, तुम्ही तेच ना, सहीवाले? हौसराव म्हणाले, व्हय, तोच. मालकानं खिडकी लावून घेतली. पाच नंबरवर कुणी नव्हतं. त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहून दाराला अडकवल्या. सात नंबरवर ललिता नावाची बाई अंगण झाडत होती. ती मूळची निमगावची, नवरा माळीकाम करायचा.

"खाली आग लागली तर वर जायचं न्हाई," हौसराव म्हणाले. "वर असलात तर भिंतीला धरून चालायचं आन् बाहेरच्या जिन्यानं उतरायचं. एकदा बाहेर आलात की काही आणायला परत जायचं न्हाई. कुणी सांगितलं तरी न्हाई."

"मालकानं सांगितलं तरी?"

"मालकानं सांगितलं तरी."

"आन् का वो?"

त्यांनी सांगितलं. खालची पट्टी, वरची पट्टी, मधला फळा. ललितानं झाडू भिंतीला टेकवला आणि वर तुळयांकडं पाहिलं.

"मला ध्यानात ऱ्हात न्हाई," ती म्हणाली. "परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं. तिनं नवऱ्याला हाक मारली, आणि तो आल्यावर हौसरावांनी तिसऱ्यांदा सांगितलं.

आठ नंबरला मोठं कुत्रं होतं. ते फाटकावर पंजे टाकून भुंकायला लागलं. "थांबा, बांधते," आतून कुणीतरी बाई ओरडली, "साखळी सापडंना." हौसराव भाजलेला हात छातीशी धरून बाहेर उन्हात उभे राहिले, कुत्रं बांधलं जाईपर्यंत.